मोरींतला पारा

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या पुतण्याला ताप आला. सेलवर चालणारा नवा थर्मामीटर ऐन वेळीं बंद पडला, म्हणून वहिनींनीं फडताळांतून जुना पाऱ्याचा थर्मामीटर काढला. झटकतांना तो त्यांच्या हातून निसटला आणि फरशीवर पडून फुटला. पुढचा प्रकार ज्या घरांत मुलें आहेत त्या घरास निराळा सांगावयास नको. पाऱ्याच्या रुपेरी गोळ्या फरशीवर धावूं लागल्या आणि त्यांच्यामागें घरचीं पांच मुलें धावूं लागलीं. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, आणि बोटानें ढकलल्या कीं पुन्हां चारांची एक! तापकरी स्वतः अंथरुणावर उठून बसला व आपल्याहि वांट्याची गोळी मागूं लागला. आम्ही बाहेरून येईपर्यंत निम्मा पारा केरसुणीनें मोरींत लोटला गेला होता आणि वर दोन तांबे पाणीहि पडलें होतें.

आम्ही रागावलों हें कबूल केलें पाहिजे. परंतु आमचा थोरला पुतण्या, जो कॉलेजांत जीवशास्त्र शिकतो, तो आमची समजूत घालावयास पुढें आला. "काका, एवढं काय मनावर घेतां? मोरीच्या चिखलांत पारा खाणारे बॅक्टेरिया असतात. ते लावतील त्याची वाट." वहिनींना हें उत्तर इतकें पटलें कीं, तो विषय तेथेंच मिटला. आमच्या मनांत मात्र तो मिटला नाहीं. पुतण्याचें बोलणें अर्धें खरें होतें, आणि घरांतल्या वादांत अर्ध्या खऱ्या बोलण्याइतकें चिवट दुसरें कांहीं नसतें. या महिन्याचें आमचें पान उरलेल्या अर्ध्यासाठीं आहे.

पारा हें विष कां, हें समजण्यास वैद्याच्या खलापाशीं जावें. पारा व गंधक एकत्र घोटीत बसलें कीं पाऱ्याची चकाकी नाहींशी होऊन काजळासारखी काळी भुकटी होते; तिला कज्जली म्हणतात. पाऱ्याला गंधकाची ही जी ओढ, तीच सजीवांच्या मुळावर येते. आपल्या शरीरांतील प्रथिनांत ठिकठिकाणीं गंधकाचे अणु असतात. केंस जळतांना जो उग्र वास सुटतो त्यांत या गंधकाचा मोठा वांटा असतो. प्रथिनाची घडी नीट बसावी व त्याचें काम चालावें म्हणून हे अणु अगदीं मोक्याच्या जागीं असतात. पाऱ्याचा क्षार शरीरांत शिरला कीं तो या गंधकाला घट्ट धरून बसतो आणि प्रथिन निकामी होतें. माणूस असो, मासा असो, कीं डोळ्यांस न दिसणारा जंतु असो, सर्वांस हा नियम सारखाच लागू. (थर्मामीटरमधील धातुरूप पारा पोटांत गेला तर बहुतेक तसाच बाहेर पडतो, त्याची न दिसणारी वाफ श्वासावाटें आंत जाते ती अधिक वाईट. तेव्हां "मुलांनीं गिळला तर नाहीं ना?" एवढेंच विचारून निर्धास्त होणाऱ्या वडील मंडळींनीं खोलीच्या खिडक्या आधीं उघडाव्या.)

आतां येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. उरलेला भात, पडलेलीं पानें, शेण, तेल, फार काय कित्येक जंतुनाशक औषधेंसुद्धां जंतु तोडून त्यांचे बारीक तुकडे करतात आणि त्यांवर निर्वाह करतात. परंतु पारा हें मूलद्रव्य आहे. त्याचे तुकडे पाडून दुसरें कांहीं निर्दोष द्रव्य बनवील अशी भट्टी कोणत्याहि सजीवाच्या पोटांत नाहीं. शिसें, कॅडमियम, तांबें, चांदी या सर्वांची हीच गोष्ट. जंतूला या विषाला दाराबाहेर घालवितां येईल, किंवा त्याचें रूप पालटतां येईल. त्याला नाहींसें करतां येणार नाहीं. पुतण्याच्या 'खाणें' या शब्दाशीं आमचा तंटा आहे तो एवढ्याचसाठीं.

असें असूनहि जंतु पाऱ्यांत जगतात हें खरें, आणि कसे जगतात ही कथा मोठी रसाळ आहे. १९६० च्या सुमारास रुग्णालयांतून गळवें व जखमांतील पू यांत सांपडणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकीं कित्येक पाऱ्याच्या औषधांना दाद देत नाहींत असें दिसून आलें. त्या काळीं पाऱ्याचीं मलमें व जंतुनाशकें सर्रास वापरांत होतीं, तेव्हां त्यांत कोणास फारसें नवल वाटलें नसेल. पुढें १९७० च्या सुमारास जपानी संशोधक आंतड्यांतील ई. कोलाय या जंतूच्या अशा जातीवर काम करीत होते कीं, जी प्रतिजैविक औषधांनाहि बधत नव्हती. त्यांना आढळलें कीं, या जंतूंचा अर्क पाऱ्याच्या क्षारांत मिसळला असतां त्यांतील पारा वाफ होऊन उडून जातो. क्षाररूप पाऱ्याचें पुन्हां धातुरूप पाऱ्यांत रूपांतर करावयाचें, आणि धातुरूप पारा साध्या उष्णतेंतहि वाफ होतो म्हणून त्याला हवेंत सोडून द्यावयाचें, अशी ही युक्ति.

युक्ति सांगावयास सोपी; करावयास मात्र जिवावरची. कारण रूप पालटणारें विकर जंतूच्या आंत असतें, म्हणजे विष आधीं घरांत घ्यावें लागतें. चुलींतला निखारा हातानें उचलतां येत नाहीं. एका चिमट्यांतून दुसऱ्या चिमट्यांत देतां येतो. जंतूनें नेमकी हीच रीत स्वीकारली आहे. त्याच्या बाहेरच्या दोन आवरणांमधील पोकळींत एक लहानसें प्रथिन पहारा करीत असतें; त्याच्या अंगावर गंधकाची एक जोडी असते. ती पाऱ्याला धरते. तेथून आंतल्या आवरणांत बसलेल्या दुसऱ्या प्रथिनाच्या गंधकांकडे, आणि तेथून रूप पालटणाऱ्या विकराच्या गंधकांकडे पारा सुपूर्द होतो. ज्या गंधकाच्या ओढीनें पारा मारतो त्याच ओढीनें त्याला बांधून नेतात, आणि वाटेंत कोठेंहि तो मोकळा सुटत नाहीं. विकरानें आपलें काम केलें कीं गंधकावरील त्याची पकड सुटते, आणि तो निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो. निरुपद्रवी जंतूला; आपल्याला नव्हे.

या व्यवस्थेंतील चौकीदाराविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. एवढा सरंजाम बारा महिने तयार ठेवणें कोणत्याहि घरास परवडत नाहीं, मग एकपेशी जंतूस कोठून परवडणार? म्हणून पारा नसतांना हीं प्रथिनें जवळजवळ बनतच नाहींत. तीं कशीं बनवावीं याचा लेख ज्या जनुकांत आहे त्यांच्या उंबऱ्यावर एक प्रथिन बसलेलें असतें आणि वाचन सुरू होऊं देत नाहीं. पाऱ्याचा एक अणु त्याच्या तीन गंधकांत अडकला कीं तेंच प्रथिन खालच्या जनुक-सूत्राचा पीळ किंचित् उलगडतें, आणि थांबलेलें वाचन सुरू होतें. दार अडविणारा व दार उघडणारा एकच. हा चौकीदार पाऱ्याच्या अत्यल्प अंशानेंहि जागा होतो. तितक्या थोड्या पाऱ्याची दखल आपली जीभ किंवा नाक घेणें शक्य नाहीं.

कित्येकांची अशी समजूत असते कीं, कारखान्यांचा मळ पाण्यांत येऊं लागला तेव्हां जंतु हें नव्यानें शिकले. तसें नाहीं. सैबेरियांत हजारों वर्षें गोठून राहिलेल्या जमिनींतील जंतूंतहि पाऱ्यास तोंड देणारीं हींच जनुकें मिळालीं आहेत. ज्वालामुखींतून पारा बाहेर पडतच होता. जंतूंना या विषाची ओळख माणसाच्या जन्मापूर्वींची आहे. आणि 'शिकणें' हा शब्दहि जपून वापरावा. एखादा जंतु पाऱ्यांत पडला आणि सरावानें पक्का झाला, असें होत नाहीं. लाखोंपैकीं ज्यांच्यापाशीं हा सरंजाम आधींच होता ते उरले, बाकीचे मेले, आणि उरलेल्यांची वस्ती वाढली, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र जंतूंना एक अशी सोय आहे कीं, जी आपणांस नाहीं. आपल्याकडे वारसा आईबापांकडून मुलांकडे जातो. जंतु शेजाऱ्यालाहि वारसा देऊं शकतात. त्यांच्या मुख्य जनुकसूत्राशिवाय प्लाझ्मिड नांवाचीं लहान लहान वलयें असतात. एक जंतु दुसऱ्यास चिकटून अशा वलयाची प्रत त्याला देतो, कित्येकदां अगदीं परजातीच्या जंतूसहि. शिवाय जनुकांचे कांहीं गट एका वलयावरून उडी मारून दुसऱ्यावर जाऊन बसतात. या उड्या प्रथम मक्याच्या दाण्यांवरील रंगांच्या ठिपक्यांवरून ओळखणाऱ्या बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक या विदुषीस १९८३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पाऱ्याचीं जनुकें अशा उड्या मारणाऱ्या गटांत वारंवार सांपडतात.

येथपासून हा विषय घरगुती होतो. जपानमध्यें १९५० नंतरच्या दशकांत आमांशाच्या जंतूंत असें एक वलय सांपडलें कीं, त्यावर सल्फा औषधें, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल या सर्वांना निष्प्रभ करणारीं जनुकें होतीं; आणि त्यांच्याच पंक्तीला पाऱ्याचीं जनुकें बसलीं होतीं. बोहारणीच्या गांठोड्यांत एका साडीबरोबर दहा कपडे जातात तसा हा मामला. गांठोडें एक आहे. त्यांतील कोणत्याहि एका वस्तूची गरज पडली कीं सगळें गांठोडें सांभाळलें जातें. म्हणजे पाणी, माती किंवा आंतडें यांत पारा असला, तर औषधाचा एक थेंबहि न देतां औषधांना न बधणारे जंतु टिकून राहतात.

ही केवळ कल्पना नव्हे. १९९३ सालीं अमेरिकन संशोधकांनीं माकडांच्या दाढांत चांदी-पाऱ्याचें मिश्रण भरलें, जें आपल्याकडील दंतवैद्य पिढ्यान् पिढ्या भरीत आले. थोड्याच आठवड्यांत माकडांच्या तोंडांत व आंतड्यांत पाऱ्याला न बधणारे जंतु वाढले, आणि त्यांपैकीं पुष्कळ प्रतिजैविकांनाहि बधेनात, जरी माकडांना तीं दिलेलीं नव्हतीं. माणसांच्या पाहणींत हा संबंध सर्वत्र तितका स्पष्ट दिसला नाहीं, तेव्हां दाढा भरलेल्या वाचकांनीं घाबरण्याचें कारण नाहीं. डेन्मार्कमध्यें डुकरांच्या पिल्लांना वाढीसाठीं खाद्यांतून मोरचूद देत. तेथील जंतूंत २००२ सालीं तांब्याला तोंड देणारें जें जनुक सांपडलें, तें ज्या जंतूंत होतें त्यांपैकीं बहुतेकांत एरिथ्रोमायसिन आणि व्हॅन्कोमायसिन यांच्या जातीच्या औषधांना निष्प्रभ करणारीं जनुकेंहि होतीं. चांदीची गोष्ट तर याहून हृदयद्रावक आहे. भाजलेल्या रोग्यांच्या जखमांवर सिल्व्हर नायट्रेटचें पाणी लावण्याची रीत होती. बोस्टन येथील एका मोठ्या रुग्णालयाच्या अशा विभागांत साल्मोनेलाचा एक जंतु शिरला. तो चांदीला जुमानीना व कित्येक प्रतिजैविकांनाहि जुमानीना. तीन रोगी दगावले आणि विभाग बंद ठेवावा लागला. ही हकीकत १९७५ सालीं प्रसिद्ध झाली. त्या जंतूचीं चांदीविरोधी जनुकें पुढें १९९९ सालीं शिकागोच्या ज्या प्रयोगशाळेनें उलगडलीं तिच्या प्रमुखांचें आडनांवच मुळीं सिल्व्हर! आमच्या इकडे सोनाराच्या घरीं जन्मलेल्यानें सोन्यावर प्रबंध लिहावा तसें हें झालें.

हें वाचून आमच्या भगिनींच्या मनांत सहजच येईल कीं, मग रात्रीं तांब्याच्या कळशींत भरून ठेवलेल्या पाण्याचें काय? तांब्याचा महिमा सांगतां सांगतां आमच्या आजीचा अर्धा दिवस जात असे. या बाबतींत आजीची बाजू भक्कम आहे. बंगळूर येथील संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जुलाबाच्या रोगजंतूंनीं मुद्दाम दूषित केलेलें पाणी सोळा तास तांब्याच्या भांड्यांत ठेवलें असतां त्यांतील जंतु वाढवूं म्हटलें तरी वाढेनात. तांबें जंतूच्या आंत जाऊन तेथील लोखंड व गंधक यांच्या नाजूक जोडण्या मोडतें. जंतूपाशीं यावरहि उपाय आहे. परंतु तांब्याचें रूप पाऱ्यासारखें हवेंत उडवितां येत नाहीं, म्हणून त्याच्या आवरणांत पंप असतात व ते शक्ति खर्चून तांबें सतत बाहेर उपसतात. बुडत्या होडींतून पाणी उपसावें तसेंच हें. छिद्र लहान असलें तर होडी तरते. तांब्याच्या कोरड्या पत्र्यावर मात्र इतकें तांबें एकदम अंगावर येतें कीं, पंप असलेले जंतु थोडे अधिक वेळ जगतात आणि मग तेहि मरतात. तेव्हां कळशी अवश्य ठेवावी. भांड्यास आंतून कल्हई असेल तर पाण्याला तांबें लागणार नाहीं, कथील लागेल, एवढें लक्षांत असूं द्यावें. आणि ताक, चिंच किंवा लिंबू अशा भांड्यांत कळकतें हें आमच्या वाचकांस आम्ही काय सांगावें?

आमचा राग आहे तो निराळ्याच गोष्टीवर. हल्लीं पायमोज्यांत चांदीचे सूक्ष्म कण, कपडे धुण्याच्या यंत्रांत चांदी, भाजी ठेवण्याच्या डब्यांत चांदी, असल्या जाहिराती जिकडे तिकडे दिसतात. भाजलेल्या रोग्याच्या जखमेवर चांदी लावावी, तिचें तेथें काम आहे. पायमोज्याला वास येऊं नये म्हणून ती धुण्याच्या पाण्यांतून गटारांत सोडणें म्हणजे गटारांतल्या जंतूंना रोज थोडथोडी तालीम देणें होय. पायमोजे धुवावे, साबण अद्यापि मिळतो.

आतां मोरींतल्या पाऱ्याकडे वळूं. तो उडून गेला तर हवेंत जातो, कित्येक महिने वाऱ्याबरोबर फिरतो आणि पुन्हां रूप पालटून पावसाबरोबर कोठेंतरी खालीं येतो. न उडाला तर गटारांतून ओढ्यांत, ओढ्यांतून खाडीच्या गाळांत. तेथें हवा पोंचत नाहीं, आणि तेथें दुसऱ्याच जातीचे जंतु राहतात. १९६९ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं दाखविलें कीं, तळ्याच्या गाळांतील सूक्ष्म जीव साध्या पाऱ्याला कार्बनाची एक शेंडी जोडून त्याचा मेथिल-पारा बनवितात. १९८५ सालीं हें काम मुख्यतः सल्फेटवर श्वसन करणाऱ्या जंतूंचें असल्याचें उघड झालें, आणि त्यासाठीं लागणारीं दोन जनुकें २०१३ सालीं हातीं लागलीं. विशेष हें कीं, या कृतीनें त्या जंतूंस पाऱ्यापासून कांहीं संरक्षण मिळतें असें दिसत नाहीं. आणि मेथिल-पारा तर साध्या पाऱ्याहून कितीतरी घातक! तो लहान जीवांतून लहान माशांत, तेथून मोठ्या माशांत, पायरीपायरीनें सांठत जातो, मेंदूंत शिरतो, गर्भवतीच्या पोटांतील बालकापर्यंत पोंचतो.

जपानमधील मिनामाटा गांवचें नांव या संबंधांत नेहमीं येतें. तेथें कारखान्याचें सांडपाणी उपसागरांत जात होतें. मासे खाणारीं मांजरें आधीं वेडीवांकडीं नाचूं लागलीं, मग माणसांचे हातपाय व वाचा गेली. १ मे १९५६ रोजीं या रोगाची अधिकृत नोंद झाली, आणि पाऱ्याचा वापर थांबला तो १९६८ सालीं. पुष्कळ लेखांतून तेथील मेथिल-पाऱ्याचा दोष गाळांतील जंतूंवर ढकललेला आढळतो; परंतु तो मुख्यतः कारखान्याच्या प्रक्रियेंतच तयार होऊन बाहेर पडत होता. जंतूंच्या माथीं मारण्यासारखें पुष्कळ आहे, तें सगळेंच त्यांच्यावर घालूं नये. आमचे देशस्थ व कोकणस्थ वाचक म्हणतील, आम्हांस माशांचें काय? आमच्या सारस्वत स्नेह्यांच्या घरीं हा प्रश्न विचारून पाहावा.

न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, पाऱ्याच्या कांहीं जंतूंपाशीं ती कार्बनाची शेंडी तोडून टाकणारें विकरहि असतें. म्हणजे एकानें केलेलें दुसरा मोडतो. जर्मनींत २००० सालच्या सुमारास जंतूंच्या या विद्येचा नीट उपयोग करून पाहण्यांत आला. कारखान्यांतील पारामिश्रित पाणी जंतूंनीं भरलेल्या बंद टांकींतून नेलें. जंतूंनीं आपल्या रीतीप्रमाणें क्षाराचा धातु केला, पण टांकी बंद, त्यामुळें तो हवेंत न जातां बारीक थेंबांच्या रूपानें तेथेंच अडकून राहिला. येथें जंतूंचें कसब आणि माणसाची बंद टांकी, दोन्हीं लागलीं.

हें सारें आम्हीं पुतण्यास ऐकविलें. तो म्हणाला, "म्हणजे खात नाहींत, शेजाऱ्याच्या अंगणांत टाकतात." आम्हांस हें वाक्य स्वतः सुचलें असतें तर बरें झालें असतें.

मग त्यानेंच मोरीची जाळी उचलली आणि गाळांत दिसल्या तेवढ्या गोळ्या जुन्या पत्रिकेच्या जाड कागदानें गोळा केल्या. फरशीच्या सांधींतील बारीक थेंब औषधाच्या ड्रॉपरनें ओढून घेतले, खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्या, आणि सगळें घट्ट झांकणाच्या कांचेच्या बाटलींत भरलें. एका थर्मामीटरमध्यें पारा असतो तो सुमारें एक ग्रॅम. त्यांतील किती परत मिळाला हें मोजण्याचें साधन घरांत नव्हतें. आमच्या वहिनींना त्याच वेळीं आठवण झाली कीं, कोठीच्या खोलींत तांदळाच्या डब्यांतहि किडे होऊं नयेत म्हणून सासूबाईंच्या वेळच्या पाऱ्याच्या गोळ्या फडक्यांत बांधून ठेवल्या आहेत. त्याहि निघाल्या. त्यांच्या जागीं कडुलिंबाचा पाला गेला.

बाटली कोठें द्यावी याची चौकशी करावयास आम्ही एका कचेरींत गेलों. भारतानें पाऱ्याविषयींचा मिनामाटा करार २०१८ सालीं मान्य केला आहे, हें आम्ही तेथें मोठ्या विश्वासानें सांगितलें. कारकुनानें शांतपणें ऐकून घेतलें व "ओल्या कचऱ्यांत टाकूं नका, सुक्यांत टाका," असा सल्ला दिला. बाटली सध्यां फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर, कुलपांत आहे. तिच्यावर वहिनींनीं चिठ्ठी चिकटविली आहे, आणि पुतण्या दर आठवड्यास झांकण घट्ट आहे कीं नाहीं तें पाहतो.